सोलापुरातल्या हॉलसाठी निळा रंग निवडताना

निळा रंग शेड कार्डावर निवडायला सोपा, भिंतीवर निभावायला अवघड. क्रीम किंवा बदामी रंग एखाद्या छटेनं इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. निळा चुकला की लगेच कळतं. आकाशी म्हणून आणलेला रंग चारही भिंतींवर चढला की भडक होतो, आणि शांत म्हणून आणलेला रात्री ट्यूबखाली गारठलेला, उदास दिसतो.

सोलापुरात यात इथल्या उन्हाची भर पडते. पावसाळ्यातले ढगाळ दिवस सोडले तर आभाळ मोकळं, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर आणि खिडकीतून येणारा उजेड झगझगीत. अशा उजेडात स्वच्छ, तेज निळा डोळ्यांवर येतो. म्हणून माझा सल्ला आधीच सांगतो: कार्डावर जो निळा थोडा मळकट, पारव्या रंगाकडे झुकलेला वाटतो, तोच बहुतेक घरांत भिंतीवर खरा निळा दिसतो. त्यातली नेमकी छटा खोली पाहून ठरवायची. त्यामुळे दुकानात जाण्याआधीचं काम जास्त आणि दुकानातलं कमी.

आधी उजेड बघा

एक पांढरा ड्रॉइंग पेपर हॉलच्या मोठ्या भिंतीवर चिकटवा आणि दिवसभरात चार वेळा त्याच्याकडे बघा: सकाळी आठच्या सुमारास, भर दुपारी, पाच-साडेपाचला आणि रात्री दिवे लावल्यावर. कागद कधी पिवळसर दिसेल, कधी निळसर, कधी राखाडी. भिंतीवर येणारा निळा याच उजेडातून दिसणार आहे.

उत्तरेकडे खिडकी असेल तर थेट ऊन फारसं येत नाही, आकाशाचा उजेड येतो आणि तो मुळातच निळसर असतो. अशा खोलीत निळा टाळावा, खोली थंड वाटते, असं परदेशी लेखांत हमखास लिहिलेलं असतं. थंड मुलखासाठी ते बरोबरच आहे. आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने दुपारी पडदे ओढून बसावं लागतं, तिथे तो गारवा हवासाच वाटतो. फक्त जांभळट झाक असलेला निळा इथे घेऊ नका, तो मंद उजेडात मरगळतो. किंचित हिरवट झाक असलेला फिका निळा उत्तरेच्या हॉलमध्ये छान खुलतो.

पूर्वेकडचा हॉल निळ्यासाठी सगळ्यात सोपा. सकाळचं कोवळं पिवळं ऊन दहा-साडेदहापर्यंत, मग दिवसभर मऊ उजेड. इथे बहुतेक निळे चालून जातात.

पश्चिमेकडच्या हॉलला मात्र वेळ द्या. तीननंतर ऊन आत शिरतं आणि मावळतीला ते नारिंगी होत जातं. निळा आणि नारिंगी एकमेकांच्या विरुद्ध बाजूचे रंग, त्यामुळे संध्याकाळी भिंतीचा निळेपणा विरून ती करडी दिसायला लागते. घरातली माणसं हॉलमध्ये एकत्र बसतात ती नेमकी याच वेळी. म्हणून पारव्याकडे झुकण्याचा माझा सल्ला पश्चिमेच्या खोलीत थोडा सैल करा आणि एक छटा जास्त स्वच्छ निळा घ्या. आणखी एक गैरसमज इथेच दूर व्हावा: आतल्या भिंतीला निळा दिल्यानं खोलीचं तापमान उतरत नाही. डोळ्यांना गार वाटतं, आणि तेही कमी नाही. पण घर खरोखर कमी तापायला हवं असेल तर तो खर्च गच्चीवरच्या पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या कोटवर आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली करण्यावर करा.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित ऋतूनुसार बदलतं. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याच्या सुमारास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर असतो आणि मधल्या काळात तर किंचित उत्तरेला. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं थेट ऊन जवळजवळ येतच नाही. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांच्या आसपासच चढतो आणि ऊन पार आतल्या फरशीवर येतं. जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या दिवसांत पसंत केलेला निळा मेमध्ये वेगळा का दिसतो, त्याचं कारण हे.

जुन्या पेठांमधल्या घरांत दिशेपेक्षा समोरचं घर महत्त्वाचं. बोळ अरुंद असेल तर तुमच्या खिडकीत येणारा उजेड समोरच्या भिंतीवर आपटून आलेला असतो. समोर पिवळा असेल तर तुमचा निळा हिरवट दिसेल, समोर गुलाबी असेल तर जांभळट.

निळ्यातला दुसरा रंग ओळखा

शुद्ध निळा असा भिंतीच्या रंगांत जवळजवळ नसतोच. प्रत्येकात दुसरी झाक असते: हिरवट, जांभळट किंवा करडी. फिक्या छटेत ती डोळ्यांना पकडता येत नाही. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे शेड कार्डाच्या त्याच पट्टीतली सगळ्यात गडद छटा बघणं. तुमचा आवडता फिका निळा ज्या पट्टीत आहे तिच्या टोकाला मोरपंखी असेल तर झाक हिरवट, वांगी रंगाकडे जाणारी असेल तर जांभळट, पाटीच्या रंगासारखी असेल तर करडी. दुसरा मार्ग म्हणजे तीन-चार निळे एका पांढऱ्या कागदावर शेजारीशेजारी ठेवायचे. एकट्यानं लपलेली झाक शेजाऱ्यामुळे उघडी पडते.

काही कंपन्या छटेसोबत एलआरव्ही नावाचा आकडा देतात. ती छटा किती उजेड परत फेकते याचं ते माप. ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. चारही भिंतींना एकच निळा द्यायचा असेल तर साधारण ५५ ते ७० मधला घ्या. एकच खिडकी असलेल्या लहान हॉलमध्ये ६० च्या खाली उतरू नका. नेव्ही किंवा शाईसारखे रंग १० च्या आसपास किंवा त्याखाली असतात. ते चार भिंतींना दिले तर दिवसाही दिवा लावावा लागतो.

छटा ठरली की तिच्यापेक्षा एक पायरी फिकी छटाही मनात धरून ठेवा. कार्डावरचा तुकडा दोन बोटांएवढा असतो. भिंतीवर गेल्यावर एका भिंतीचा निळा समोरच्या भिंतीवर पडतो, तिथून परत येतो, आणि रंग कार्डापेक्षा गडद आणि गहिरा होतो. खोलीच्या कोपऱ्यात हे सगळ्यात जास्त जाणवतं.

फरशी आणि दिवाणावरची चादर

खोलीत भिंतीनंतरचा मोठा रंग फरशीचा. कलबुर्गीजवळच्या शहाबादहून आलेली शहाबादी फरशी सोलापूरच्या जुन्या घरांत भरपूर आहे. ती स्वतः करडी, निळसर. तिच्यावर करड्या झाकेचा निळा दिला तर सगळी खोली एकाच रंगात बुडते. तिथे थोडा उजळ, हिरवट झाकेचा निळा घ्या आणि लाकडाचा तपकिरी भरपूर येऊ द्या. कोटा फरशी हिरवट असते, तिच्यासोबत जांभळट निळा भांडतो. नव्या फ्लॅटमधल्या क्रीम टाइल्सवर बहुतेक निळे बसतात, पण टाइल पिवळट असेल तर अगदी बर्फाळ निळा तिला आणखी मळकी दाखवतो. जुन्या लाल-काळ्या मोझॅकवर पारवा निळा फार सुंदर दिसतो. जुन्या सागवानी चौकटी असतील तर त्या तैलरंगानं झाकू नका. सागाचा तपकिरी-नारिंगी आणि निळा एकमेकांना उठाव देतात.

आणि चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर इथल्या घराघरांत दिवाणावर असते, बहुधा लाल, मरून, काळा आणि पांढऱ्याच्या जोरदार जेकार्ड नक्षीची. भिंत तेज निळी आणि चादर तेज लाल असली की नजर कुठेच ठरत नाही. चादर आवडती असेल तर भिंतीनं माघार घ्यावी: फिका, करडा निळा द्या, म्हणजे नक्षी पुढे येते. भिंतीवर इथल्याच विणकरांनी विणलेलं वॉल हँगिंग लावायचं असेल तरी हेच.

शेजारचा रंग बदलला की रंग बदलतो, हे सूत हाताळणाऱ्या गावाला नवं सांगायला नको. फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्ये त्याची शास्त्रीय मांडणी केली, तीही विणकामाच्या तक्रारीतूनच. गोब्लां या प्रसिद्ध विणकाम कारखान्याच्या रंगशाळेचे ते प्रमुख होते आणि निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी काळा धागा फिका दिसतो, असं तिथे म्हटलं जात होतं. दोष काळ्या रंगात नव्हता, शेजारात होता.

नमुना लावल्याशिवाय डबा घेऊ नका

पुढचा नियम या शेजारामुळेच. जुन्या पिवळ्या किंवा क्रीम भिंतीवर निळ्याचा चौकोन मारून बघितला तर तो आहे त्यापेक्षा जास्त निळा दिसतो. म्हणून नमुना थेट जुन्या भिंतीवर मारू नका. दोन फूट बाय दोन फूट हार्डबोर्ड किंवा जाड पुठ्ठा घ्या, त्याला प्रायमर, मग रंगाचे दोन हात द्या आणि कडेला चार बोटं पांढरी जागा सोडा. दुकानात असेल तो सगळ्यात लहान डबा बनवून घ्या. दोन छटा पुरेत, फार तर तीन. सहा-सात नमुने केले की घरात मतांतरं वाढतात आणि निर्णय लांबतो.

ओला इमल्शन दुधाळ, फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. त्यामुळे पूर्ण वाळल्याशिवाय मत बनवू नका. मग बोर्ड खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीच्याच भिंतीवर आणि कोपऱ्यात असा फिरवा. फरशीला टेकवून बघा, चादरीशेजारी ठेवा. दोन दिवस तो हॉलमध्येच राहू द्या.

रात्रीच्या तपासणीत बल्ब बदलून बघणं आलंच. आपल्याकडे सर्रास लावली जाणारी ६५०० केल्विनची पांढरी एलईडी ट्यूब फिक्या निळ्याला गारठवून टाकते. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळा दिवा उलट निळ्यातला जीव काढून घेतो, तो करडा किंवा हिरवट होतो. निळ्या हॉलसाठी ४००० केल्विनचा दिवा मला सगळ्यात योग्य वाटतो. खोक्यावर सीआरआय हा आकडाही बघा, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं ते माप. ८० चालतो, ९० असेल तर रंग खरे दिसतात. रंग न आवडण्याचं कारण पुष्कळदा ट्यूब असते, आणि ट्यूब बदलणं भिंत पुन्हा रंगवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

गडद निळा हवा असेल तर

काही घरांत निळा हा केवळ सजावटीचा रंग नसतो. बाबासाहेबांच्या प्रतिमेमागे तोच ठाम, तेजस्वी निळा हवा असतो, आणि तिथे त्याला करडा करून मवाळ करण्याचा सल्ला मी देणार नाही. त्या एका भिंतीला पूर्ण ताकदीचा निळा द्या आणि उरलेल्या तीन भिंती स्वच्छ ऑफ-व्हाइट ठेवा. म्हणजे तो रंग मानानं उभा राहतो आणि खोली उजळही राहते. शक्यतो खिडकीसमोरची भिंत निवडा. ज्या भिंतीत खिडकी आहे तिच्यावर डोळे दिपतात आणि गडद रंग काळाच दिसतो.

गडद छटा मशीनवर वेगळ्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्य मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, बनते. त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतं, त्यामुळे खालचा रंग झाकायची ताकदही कमी. दोन हातांत भागत नाही, तीन धरा. प्रायमरमध्ये थोडा करडा किंवा निळा स्टेनर (रंग चढवायचं द्रव्य) मिसळायला सांगा, एखादा हात वाचू शकतो. गडद रंगाला पूर्ण मॅट फिनिश देऊ नका. हात लागेल, खुर्ची घासेल तिथे चकचकीत ओरखडे उठतात आणि पुसून जात नाहीत. सॅटिन किंवा हलकी चमक असलेलं फिनिश घ्या.

फिक्या निळ्याला मॅट चालतं, उलट भिंत लहरी असेल तर तेच बरं, कारण चमक असली की बाजूच्या उजेडात प्रत्येक उंचसखलपणा दिसतो. पण धुता येणारं मॅट इमल्शन घ्या, डिस्टेंपर नको. सोलापूरची धूळ खिडक्या लावूनही आत येते आणि डिस्टेंपर पुसायला गेलं की रंग फडक्यावर येतो. जमिनीवर भिंतीला टेकून बसायची सवय असलेल्या घरात डोक्याच्या तेलाचे डाग ठरलेले. तिथे जुन्या घरांतली पद्धत मला फार आवडते: खाली साडेतीन-चार फुटांपर्यंत गडद, पुसता येणारा पट्टा आणि वर फिका रंग. पट्ट्याला पूर्वी ऑइल पेंट असायचा. आता त्याच पट्टीतला दोन पायऱ्या गडद निळा सॅटिनमध्ये द्या.

भिंत कोरडी आहे ना?

निळ्यावर क्षार लगेच दिसतात. क्रीम भिंतीवर जो पांढरा फुलोरा लपतो तो निळ्यावर डागांसारखा उठतो. म्हणून ओल आधी शोधा. बाथरूमला लागून असलेली भिंत, गच्चीखालचा कोपरा, खिडकीखालची पट्टी बघा. फूटभर चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीवर बंद करून दिवसभर ठेवा. आत घाम धरला तर ओल आहे आणि गळती काढल्याशिवाय कुठलाही रंग टिकणार नाही.

सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि दिवाळीपूर्वी रंग उरकायची घाई लगेच पुढच्या महिन्यात. भिंती तेवढ्यात वाळत नाहीत. शिवाय त्या दिवसांत चांगले रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तरी पळत असतात. जमत असेल तर दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम काढा. नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस थांबा, जास्त थांबलात तर उत्तमच. ओल्या सिमेंटमधला अल्कली रंगाची वाट लावतो.

जुन्या दगडी, चुन्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षांचे चुन्याचे थर असतील तर त्यावर थेट इमल्शन मारू नका, पापुद्रे निघतील. एकतर सगळे थर खरवडून काढा, नाहीतर चुनाच ठेवा. चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, जाड दगडी भिंतीला ते मानवतं. चुन्यातही निळा करता येतो. पूर्वी चुन्यात नीळ घालत ती अल्ट्रामरीन असायची, आणि अल्ट्रामरीन चुन्यात टिकतं. प्रशियन ब्लू मात्र चुन्यात तपकिरी पडतो, तो घालू नका. कपड्यांसाठी मिळणारं पातळ निळं द्रवही नको, तो वेगळाच रंग आहे.

जुना ऑइल पेंटचा पट्टा खरवडायचा असेल तर जपून. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) झाली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. कोरडं घासू नका, ओलं करून घासा, तोंडाला मास्क लावा आणि लहान मुलं व गरोदर बाई घरात असेल तर त्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवा.

किती रंग लागेल

१२ बाय १५ फुटांचा, १० फूट उंचीचा हॉल घ्या. चारही भिंतींचा घेर ५४ फूट, क्षेत्र ५४० चौरस फूट. दोन दरवाजे २१-२१ चौरस फुटांचे, दोन खिडक्या १६-१६ च्या, म्हणजे ७४ वजा. उरले ४६६. तयार गुळगुळीत भिंतीवर दोन हातांना लिटरमागे ५५ ते ७५ चौरस फूट धरतात. ६० धरले तर ७.८ लिटर होतात. तर ४ लिटरचे दोन डबे आणि पुढच्या डागडुजीसाठी १ लिटर.

सगळे डबे एकाच वेळी बनवून घ्या आणि लावण्याआधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा. मशीनवर एकाच कोडचे दोन डबेही केसभर वेगळे येऊ शकतात आणि निळ्यात तो फरक भिंतीच्या मधोमध दिसतो. एका कंपनीची छटा दुसऱ्या कंपनीच्या बेसमध्ये बनवून देऊ असं दुकानदार म्हणाला, तर ती जवळपासची असेल, तीच नाही. बनवलीच तर नव्यानं नमुना लावून बघा. रंगाऱ्याशी बोलताना दर भिंतीच्या चौरस फुटावर आहे की खोलीच्या, आणि पुट्टी-प्रायमर त्यात धरलंय का, हे आधी स्पष्ट करा.

लावताना

खरवडणं, पुट्टीचे दोन पातळ हात, वाळल्यावर १८० आणि मग ३२० नंबरच्या पेपरनं घासणं, धूळ ओल्या फडक्यानं पुसणं, प्रायमर, मग रंग. छत आधी, भिंती नंतर. छताला शुद्ध पांढरा द्या. पिवळट पांढरा निळ्याशेजारी जुनाट वाटतो.

पुट्टी कालवायला आणि रंग पातळ करायला खारं बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार भिंतीत जातात. नळाला पाणी काही दिवसांआड येत असेल, तर कामापुरतं आधीच भरून ठेवा. पाण्याचं प्रमाण डब्यावर लिहिलेलंच ठेवायचं. जास्त पातळ केलेला निळा फिकट होत नाही, नुसता कमी झाकतो.

उन्हाळ्यात काम काढावंच लागलं तर रंगाचा हात सकाळी अकराच्या आत उरका. ऊन पडलेल्या तापल्या भिंतीवर रंग लावता लावताच वाळतो आणि रोलरचे पट्टे उठतात. पंखा बंद, पडदा ओढलेला. एक भिंत सुरू केली की कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता संपवायची, चहा नंतर. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये चार ते सहा तास जाऊ द्या.

रंग झाल्यावर तीन-चार आठवडे भिंत ओल्या फडक्यानं पुसू नका, नुसती कोरडी धूळ झटका. उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरून घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा, गच्चीवरच्या पत्र्याखाली नको. बरणीवर कंपनी, उत्पादनाचं नाव, छटेचा कोड, बेस आणि तारीख लिहा. तोच कोड दुसऱ्या उत्पादनात वेगळा येतो, म्हणून नुसता कोड पुरत नाही.